लंबकाला लावलेलं चुंबक: पत्र्यावर शहाण्यासारखं थांबतं, कॉइलवर नाही

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. घर मालगुंडच्या बाजूला. प्रोजेक्टसाठी सरांनी दिलेला विषय: झोके घेणारं चुंबक आणि विद्युतचुंबकीय अवमंदन. म्हणजे लंबकाच्या टोकाला चुंबक लावायचं, खाली धातू ठेवायचा, आणि झोका किती लवकर मरतो ते मोजायचं. ऐकायला दोन दिवसांचं काम. मी तिसऱ्या आठवड्यात आहे.

मांडणी आधी सांगतो, म्हणजे प्रश्न विचारायला सोपं जाईल. कॉलेजातला स्टँड लोखंडी. चुंबक त्याच्या बुडाकडेच वळायला लागलं, तेव्हा सगळं घरी आणलं आणि पडवीच्या वाशाला टांगलं. दोरी तंगुसाची, दोन बाजूंनी तिरकी बांधून खाली एकत्र आणलेली, म्हणजे चुंबक गोल फिरत नाही आणि एकाच रेषेत झोके घेतं. चुंबक निओडिमियमचं, २० मिमी व्यासाचं, १० मिमी जाड, एक ध्रुव सरळ खाली. लांबी ७५ सेमी. २० झोक्यांना ३४.८ सेकंद लागतात, सूत्राशी जुळतं. झोका म्हणजे जाऊन-येऊन एक. मागे आलेख कागद चिकटवलाय, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतो आणि एकेक फ्रेम थांबवून वाचतो. वारा नको म्हणून रात्री जेवणं झाल्यावर करतो, तेव्हा खारं वारं जरा पडलेलं असतं.

पहिला भाग झकास जमला. खाली १ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा चौरस पत्रा, चुंबकाच्या तळापासून ३ सेमी. आयाम, म्हणजे चुंबक मध्यापासून किती लांब जातं ते अंतर, दर ४ झोक्यांनी निम्मा होतो. परत ४ झोके, परत निम्मा. लॉग घेऊन आलेख काढला तर पट्टी ठेवून काढल्यासारखी रेघ. पत्रा १ सेमीवर आणला तर चुंबक जेमतेम दीड झोका घेऊन गप्प, जणू काकवीत घातलंय.

घोळ कॉइलवर आहे. २६ गेजच्या इनॅमल तारेचे ४०० वेढे, ६३ मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर. कॉइल बरोब्बर चुंबकाच्या खाली, ओळंबा लावून मधोमध. दोन टोकं एकमेकांना जोडली. झोका सोडला २० मिमीवर. ५ झोक्यांनंतर ११.५ मिमी, १० नंतर ८.५, २० नंतर ६.५. पहिल्या ५ झोक्यांच्या चालीने गेलं असतं तर २० झोक्यांना सव्वादोन मिमीच उरायला हवे होते. लॉगचा आलेख वाकडा येतो, सुरुवातीला धपकन खाली आणि मग रेंगाळतो. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. वहीत तर लिहिलंय की अवमंदन वेगाच्या प्रमाणात आणि आयाम घातांकी घटतो. मग कॉइलला काय झालं?

(जाता जाता: पहिल्याच दिवशी चुंबक खिशात ठेवून किनाऱ्यावर गेलो होतो. काळी वाळू केसांसारखी चिकटली, अजून पूर्ण निघाली नाहीये.)

मेतकूट

हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मोठ्या झोक्यांना जास्त मार बसतो आणि लहान झोके रेंगाळतात. तुझ्या आलेखाचं वर्णन अगदी तेच आहे.

तारकर्लीचो झील

माका फिजिक्स कळणा नाय, पण वाळयेचा औषद म्हायत आसा. कणकेचो घट्ट गोळो करून चुंबकावर दाबून फिरव, सगळी वाळू कणकेक लागान येतली. ती कणीक मगे कोणाक खावक घालू नको म्हणजे झाला.

खाडीपलीकडचा

@झील, कणीक चालली! आईला दाखवलं नाही.

@मेतकूट ताई, मलाही हवेचीच शंका होती. म्हणून कॉइल तिथेच ठेवून फक्त टोकं सोडवली. २० मिमीवरून सोडलं, २० झोक्यांनी १८ च्या वर उरलं. मोकळं चुंबक निम्मं व्हायला दीडशेच्या आसपास झोके घेतं. तेव्हा हवा एवढं करू शकत नाही.

वाइंडिंगवाला, चिपळूण

टोकं सोडवून बघितलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस. सर्किट तुटलं की व्होल्टेज येतं पण करंट नाही, करंट नाही तर ब्रेक नाही. आमच्याकडे मोटर रिवाइंड करून आली की हाताने शाफ्ट फिरवून बघतो. परमनंट मॅग्नेटची छोटी मोटर असेल तर टर्मिनल मोकळी असताना गरगर फिरते, दोन टर्मिनल जोडली की शाफ्ट जड लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं बेअरिंग गेलं.

पत्र्याचं बोलायचं तर ते तुझ्या घरात आयुष्यभर टांगलेलं होतं. जुन्या चकतीवाल्या वीजमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची आणि तिच्या कडेला एक नालाकृती चुंबक बसवलेलं असायचं. लोकांना वाटायचं चुंबक चकती फिरवतं. उलट! ते चकतीला अडवतं. अडवणं वेगाच्या प्रमाणात, म्हणून जेवढी वीज जास्त तेवढाच चकतीचा वेग जास्त, आणि फेऱ्या मोजल्या की युनिट मोजली गेली. चुंबक नसतं तर एक बल्ब लावला तरी चकती सुसाट सुटली असती.

कॉइलचा रेझिस्टन्स किती? आणि पाइपच्या आत-बाहेर कुठे धातूची पट्टी, स्क्रू वगैरे नाही ना?

खाडीपलीकडचा

मल्टिमीटरवर ७.९ ओहम. धातू काही नाही. खाली जेवायचा लाकडी पाट आहे, खिळे पितळी निघाले, चुंबक लावून तपासले.

निवृत्त मास्तर

बाळा, उत्तर मी लगेच सांगणार नाही. पस्तीस वर्षांची खोड आहे, जाता जात नाही. तुझ्याकडे कॉलेजचा गॅल्व्हनोमीटर आहे का, बारीक करंट दाखवणारा, काट्याचा, शून्य मध्ये असलेला? टोकं जोडायच्याऐवजी तो लाव. चुंबक २० मिमीवरून सोड आणि झोका बघू नकोस, काटा बघ. दोन गोष्टी सांग. एक, चुंबक एकदा जाऊन परत येईपर्यंत काटा किती वेळा डावी-उजवी करतो? दोन, चुंबक बरोब्बर तळाला, म्हणजे सगळ्यात जोरात असताना, काटा कुठे असतो?

आणि गॅल्व्हनोमीटर घरी नेताना त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून ने. काटा एसटीच्या धक्क्यांत आपटत नाही. का, ते तुला आता कळायला हवं.

मेतकूट

मास्तर, एसटीत गॅल्व्हनोमीटर मांडीवर घेऊन बसलेला मुलगा डोळ्यांसमोर आला. :)

हर्णै बंदर

विषय निघालाच आहे तर. आमच्या होडीवरच्या होकायंत्रात पातळ द्रव भरलेला असतो, तबकडी त्यात तरंगते. तो नसता तर लाटेवर तबकडी डुलतच राहिली असती आणि दिशा वाचता आली नसती. हेही हेच अवमंदन ना?

अष्टागरवाला

@हर्णै बंदर, काम तेच, युक्ती वेगळी. तुमच्यात द्रवाचा चिकटपणा ऊर्जा खातो, याच्यात तांब्या-अ‍ॅल्युमिनियममधला करंट. पण मजा बघा, हा सगळा शोध सुरू झाला तो होकायंत्राच्या सुईपासूनच. १८२४ च्या सुमारास फ्रान्समध्ये गाम्बे नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं की सुईखाली तांबं असलं की ती लवकर स्थिरावते. आरागो या शास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले, तांब्याची चकती फिरवली तर वरची सुईही तिच्यामागे फिरते हे दाखवलं. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे का? सगळे चक्रावले. उत्तर मिळालं १८३१ मध्ये, फॅरेडेच्या प्रवर्तनाच्या शोधानंतर. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूमध्ये करंट उठतात. १८३४ मध्ये लेंझने त्यांची दिशा सांगितली: जे हालतंय त्याला अडवणारी.

आमच्या अलिबागेत तर लटकत्या चुंबकांवर एक अख्खी वेधशाळा उभी राहिली. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर त्या करंटचा त्रास होणार हे दिसत होतं, म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला आलं. त्या वेळी नानाभाई मूस प्रमुख होते. इमारतीचा दगडही चुंबकीय नसलेला, मुद्दाम पोरबंदरहून आणवलेला. आपला कोकणातला जांभा त्यांनी का टाळला असेल ते सांगायला नको, लाल रंगच लोहाचा. अशा उपकरणांत लटकतं चुंबक उगाच डुलत राहू नये म्हणून जवळ तांबं ठेवायची रीत जुनी आहे. तेव्हा तू पडवीत जे करतोयस ते फार घरंदाज काम आहे.

खाडीपलीकडचा

आणला. मांडीवरच आणला. :) आणि टोकं जोडल्यावर काटा खरंच मधात पडल्यासारखा हलतो. त्याच्या आतली कॉइल चुंबकात फिरते, टोकं जोडली की तिचाच करंट तिला अडवतो. म्हणजे तो गॅल्व्हनोमीटर हाच माझा प्रयोग, उलटा करून डबीत भरलेला.

आता उत्तरं. चुंबक एकदा जाऊन येतं तेवढ्यात काटा दोनदा डावी-उजवी करतो. मला आधी वाटलं मी चुकीचं मोजतोय, म्हणून काटा आणि चुंबक एकाच फ्रेममध्ये घेऊन व्हिडिओ काढला. दोनदाच. आणि चुंबक तळाला असताना काटा शून्यावर! सगळ्यात जोरात तिथे जातंय आणि काटा म्हणतो काहीच नाही. पत्र्यावर तर तळालाच सगळ्यात जास्त अडवलं जात असणार. मास्तर, हे काय आहे?

तारकर्लीचो झील

मदीच कित्याक ठेवलंस ता सांग आदी. बाजूक सरकव.

निवृत्त मास्तर

झील म्हणतो त्याला फिजिक्स कळत नाही, पण रोग त्यानेच ओळखला.

आता नीट ऐक. व्होल्टेज चुंबकाच्या वेगाने येत नाही, कॉइलमधून जाणारा फ्लक्स, म्हणजे तिच्या वेढ्यांतून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, किती भराभर बदलतो त्याने येतं. चुंबक कॉइलच्या बरोब्बर मध्यावर असताना फ्लक्स सगळ्यात जास्त. डावीकडे गेलं तरी कमी होतो, उजवीकडे गेलं तरी कमी होतो. म्हणजे मध्यबिंदू हा घाटमाथा आहे. आंबा घाटाच्या माथ्यावर चार पावलं इकडे-तिकडे चाललास तर उंची बदलते का? धावत गेलास तरी नाही. उंची भराभर बदलते ती उतारावर. तुझं चुंबक सगळा वेग घेऊन येतं ते नेमकं माथ्यावर, जिथे उतारच नाही. आणि जिथे थोडा उतार आहे तिथे पोचेपर्यंत त्याचा वेग संपत आलेला असतो.

काटा दोनदा का हलतो तेही यातच आहे. डावा उतार आणि उजवा उतार सारखेच, त्यामुळे एका पूर्ण झोक्यात फ्लक्स दोनदा चढतो, दोनदा उतरतो.

पत्र्याला असा मध्य नाही. चुंबक कुठेही असो, खाली सगळीकडे सारखाच पत्रा. एडी करंट, म्हणजे पत्र्यात भोवऱ्यासारखा फिरणारा करंट, चुंबकाबरोबरच सरकत जातो. म्हणून तिथे अवमंदन गुणांक (अडवणारं बल भागिले वेग) सगळीकडे तोच आणि तुझी लॉगची रेघ सरळ. वहीत लिहिलंय ते खोटं नाही, ते तुझ्या कॉइलबद्दल लिहिलेलं नाही एवढंच.

आता हिशेब. माथ्याजवळ उतार मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज म्हणजे उतार गुणिले वेग. अडवणारं बल म्हणजे करंट गुणिले पुन्हा तोच उतार. म्हणजे बलात उतार दोनदा आला, गुणांक अंतराच्या वर्गाने वाढणारा झाला. लहान झोक्याला कॉइल जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तो रेंगाळतो. सरासरी काढलीस तर आयाम घटण्याचा वेग आयामाच्या घनाच्या प्रमाणात येतो. तो सोडवलास की १ भागिले आयामाचा वर्ग ही राशी वेळेबरोबर सरळ रेषेत वाढते. तुझे चार आकडे घे आणि बघ. लॉग फेकून दे.

फक्त हे झोका कॉइलच्या त्रिज्येपेक्षा बराच लहान असेल तोवरच. तुझी त्रिज्या ३ सेमीच्या वर आहे, २० मिमी ही मर्यादाच समज.

खाडीपलीकडचा

केलं. आयाम सेमीमध्ये घेऊन १ भागिले वर्ग: सुरुवातीला ०.२५, ५ झोक्यांना ०.७६, १० ला १.३८, २० ला २.३७. आलेखावर रेघ येते. दहा झोक्यांचा बिंदू जरा वर आहे, पण माझं वाचन अर्ध्या मिमीचं आहे, तेवढं चालेल. मी तीन आठवडे कॉइलला शिव्या देत होतो.

वाइंडिंगवाला, चिपळूण

मास्तर, मानलं. आता पोराला पुढचं सांगतो. कॉइल सरकव. चुंबक तळाला असेल तेव्हा त्याच्याखाली कॉइलची कड यायला पाहिजे, तारांचा गठ्ठा. तिथे मास्तरांचा उतार सगळ्यात जास्त आणि तुझा वेगही सगळ्यात जास्त. झोका लहान ठेव. मग रेघ लॉगवरच सरळ यायला पाहिजे आणि काटा एकदाच हलायला पाहिजे. ते जमलं की सर्किटमध्ये रेझिस्टर घाल, १०, २२, ४७ ओहम. करंट कॉइलच्या आणि बाहेरच्या रेझिस्टन्सच्या बेरजेवर ठरतो. म्हणजे निम्मं व्हायला लागणारे झोके त्या बेरजेच्या प्रमाणात वाढले पाहिजेत.

खाडीपलीकडचा

चार रात्री गेल्या, त्यातली एक पावसात. चुंबक पत्र्याच्या डब्यावर उडून आपटलं आणि कडेच्या निकेलच्या मुलाम्याचा टवका निघून गेला. आतला भाग दोन दिवसांत तांबूस पडला. इथल्या हवेत दुसरं काय होणार. नेलपॉलिश लावलंय, ताईचं.

कॉइल ३ सेमी सरकवली. झोका १२ मिमीवरून. काटा आता एका झोक्यात एकदाच डावी-उजवी करतो आणि चुंबक तळाला असताना काटा टोकाला! हे बघताना मी एकटाच ओरडलो. लॉगची रेघ सरळ.

मग रेझिस्टर. हवेचा वाटा आधी वजा केला. निम्मं व्हायला लागणारे झोके: १० ओहमला ४.५, २२ ला ७.५, ४७ ला १४. कॉइलची टोकं थेट जोडल्यावर २. आलेखात आडव्या अक्षावर बाहेरचा रेझिस्टन्स, उभ्यावर झोके. रेघ मागे वाढवली की ती शून्याच्या डावीकडे ८.२ ओहमवर अक्षाला कापते. म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स, मल्टिमीटर न लावता, निव्वळ झोके मोजून. मल्टिमीटर ७.९ सांगतो.

खरं सांगायचं तर पहिल्या रात्री साडेनऊ आलं होतं. मगरक्लिप गंजलेल्या होत्या, त्यांचाच दीड ओहम. पॉलिश पेपरने घासल्या, तारेच्या टोकांवरचं इनॅमलही नीट खरवडलं.

मेतकूट

हे छानच झालं. हवेचा मुद्दा मी मागे घेते. पण पत्र्याचं अर्धवट राहिलं. अंतराबरोबर कसं बदलतं?

खाडीपलीकडचा

३ सेमीला ४ झोके, ४ सेमीला साडेदहा. हवा वजा करून लॉग-लॉग काढलं तर घात साडेतीन येतो, म्हणजे अवमंदन अंतराच्या साडेतीनाव्या घाताने घटतं. मला चार हवा होता, पातळ पत्र्यासाठी तसा वाचलेला.

निवृत्त मास्तर

दोन बिंदूंतून रेघ काढलीस? दोन बिंदूंतून रेघ नेहमीच जाते रे, तिचं कौतुक नाही.

अंतर कुठून मोजलंस? चुंबकाच्या तळापासून ना? चौथा घात चुंबकाला बिंदू मानून आहे, आणि तो बिंदू चुंबकाच्या मध्यावर असतो. तुझं चुंबक १० मिमी जाड, म्हणजे ५ मिमी वाढव. पत्र्याचाही मध्य घे, अर्धा मिमी. ३० चे ३५.५ झाले आणि ४० चे ४५.५. आता काढ. ५ सेमीलाही मोज. पत्रा जाड ठोकळ्यासारखा असता तर घात तीन आला असता, हेही लक्षात ठेव, बाहेरचे परीक्षक तिथेच गाठतात.

झोका टोकाला वर उचलला जातो, तेव्हा अंतर वाढतं. ७५ सेमी लांबीला ४ सेमीचा आयाम असेल तर जेमतेम १ मिमी, चालून जाईल. ८ सेमीवरून सोडलास तर ४ मिमी, मग नाही चालणार.

खाडीपलीकडचा

मध्यापासून घेतल्यावर ४.०७. आणि ५ सेमीला २१ झोके, तोही त्याच रेघेवर बसला. ६ सेमी उद्या.

अ‍ॅल्युमिनियमऐवजी तांबं बघावं म्हणून आईचं ताम्हण खाली ठेवून पाहिलं, पण ते खोलगट आणि लहान, काठाजवळ गेलं की हिशेब बिघडतो. थांबतं मात्र बघण्यासारखं.

वाइंडिंगवाला, चिपळूण

ताम्हणाने तुलना होणार नाही. १ मिमीचा तांब्याचा सपाट पत्रा तेवढ्याच मापाचा घे. तांब्याची रोधकता १.६८, अ‍ॅल्युमिनियमची २.६५, दोन्ही दहाच्या उणे आठव्या घातात. म्हणजे अवमंदन तांब्यावर सुमारे १.६ पट यायला हवं. माझ्याकडे तुकडा पडलाय, चिपळूणला आलास तर घेऊन जा. स्टेनलेसच्या ताटाच्या नादी लागू नको, ते तांब्याच्या चाळीस पट रोधक, आणि काही ताटं चुंबकाला ओढतात ते वेगळंच. मग दोलनकालच बदलतो.

खाडीपलीकडचा

शनिवारी येतो दादा. ताम्हण तसंही परत द्यायचंय, उद्या संकष्टी आहे आणि आई दोनदा विचारून गेली.

तारकर्लीचो झील

आणि कणकेचा काय सांगितलंस तिका?